बेवारशी कुत्र्याचा धनी कोण?

इ. स. २०२३ च्या पावसाळ्यात एक तांबूस रंगाची कुत्री आमच्या घराच्या ओसरीवर येऊन राहिली. ती कोठून आली हे कोणास ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी आम्ही तिला हाकलून दिले. दुसऱ्या दिवशी पाऊस अतिशय होता, म्हणून हाकलिले नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या कुटुंबाने उरलेली पोळी तिच्यापुढे टाकिली, आणि मुलांनी तिचे नाव तांबी असे ठेविले. ती बांधलेली नसे, तिच्या गळ्यात पट्टा नव्हता, तिला कधी लस टोचविली नव्हती. पण रात्री ती आमच्याच ओसरीवर निजे व परक्या माणसावर भुंके, आणि ते भुंकणे आम्हांस सोयीचे वाटत असे, हे येथे कबूल केले पाहिजे.

आश्विन महिन्यात एके सायंकाळी तांबीने शेजारच्या वस्तीतील सात वर्षांच्या एका मुलीच्या पोटरीस दात लाविले. मुलीची आई इमारतीच्या कामावर विटा वाहणारी बाई. ती मुलीला कडेवर घेऊन आमच्या दारी आली. भांडण करावयास आली नव्हती. तिने इतकेच विचारिले, "पाळकसाहेब, हे कुत्री तुमची व्हय का जी?" आणि आम्ही तत्काळ उत्तर दिले, "नाही बाई, ती आमची नव्हे, रस्त्यावरची आहे."

आमचे हे उत्तर शब्दशः खरे होते. आम्ही कुत्री विकत घेतली नव्हती, तिची कोठे नोंद केली नव्हती. तरी ते उच्चारताना आमच्या पाठीमागे दारात आमचे कुटुंब उभे होते, व तिच्या हातात तांबीची थाळी होती. ती बाई त्या थाळीकडे पाहून काही न बोलता निघून गेली.

मुलगी वाचली, हे वाचकांस प्रथमच सांगून ठेवितो, म्हणजे त्यांच्या जिवाला घोर लागणार नाही. सरकारी दवाखान्यात लस विनामूल्य मिळाली. परंतु लस एकदाच टोचून भागत नाही. दंशाच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चार खेपा त्या बाईस कराव्या लागल्या. चार दिवसांची मजुरी बुडाली, आणि जाण्यायेण्याचे भाडे वेगळेच. आमच्या पोळीच्या तुकड्यांचा खर्च आमच्या घरात कोणास जाणवलाही नव्हता. त्या दयेची खरी किंमत शेजारच्या वस्तीतून वसूल झाली. दुसऱ्या खेपेपासून आम्ही रिक्षा करून बरोबर गेलो व भाडे दिले. पण पहिल्या खेपेस ती बाई एकटीच गेली होती, ही गोष्ट त्यामुळे पुसली गेली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. ज्या प्राण्याचा कोणी धनी नाही, त्याने केलेल्या अपायाचा जबाबदार कोण? आणि जो मनुष्य त्यास खाऊ घालितो पण आपला म्हणत नाही, त्याच्या दयेस आपण काय म्हणावे?

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयीचा नियम आहे, तो आमच्या शेतकरी बंधूंस चांगला समजेल. बैलाने अकस्मात कोणास शिंगाने मारून ठार केले, तर दोष बैलाचा, आणि धनी निर्दोष. परंतु बैल पूर्वीपासून मारका आहे, धन्यास तशी ताकीदही मिळालेली आहे, आणि तरी त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर मात्र धनी निर्दोष नव्हे. म्हणजे त्या शास्त्राने जनावराच्या स्वभावावर सगळे ढकलून दिले नाही. धन्यास काय ठाऊक होते, आणि ठाऊक असून त्याने काय केले, हे विचारिले. हा प्रश्न आजच्या नागपूर शहरासही तितकाच लागू आहे. कुत्र्याच्या दंशाने माणूस मरू शकतो, ही ताकीद आपणा सर्वांस पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली आहे. फक्त धनी कोण, एवढेच ठरलेले नाही.

खेड्यात गुरांपुरता हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गाय कोंडवाड्यात जाते. ज्यास ती हवी असेल त्याने दंड व चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावी, आणि ठराविक दिवसांत कोणी न आल्यास तिचा लिलाव व्हावा, अशी व्यवस्था इ. स. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने घालून दिली. गाईला किंमत आहे, म्हणून तिचा धनी आज ना उद्या पुढे येतो. न आला तर लिलावात नवा धनी उभा राहतो. पण रस्त्यावरच्या कुत्र्यावर लिलावात कोण बोली बोलेल? ज्याची किंमत नाही त्याचा धनी नाही, आणि ज्याचा धनी नाही त्याची जबाबदारी वाऱ्यावर. सगळा घोळ येथे आहे.

योगायोग असा की, हा प्रश्न न्यायाच्या सिंहासनापुढे अगदी उघड्या शब्दांत आला तो आमच्या नागपुरासंबंधानेही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्यायमूर्ती सुनील शुक्रे व न्यायमूर्ती अनिल पानसरे यांनी, २० ऑक्टोबर २०२२ रोजी असा हुकूम दिला की, नागपूर व आसपासच्या भागांतील कोणीही मनुष्याने सार्वजनिक जागी, बागेत किंवा रस्त्यावर भटक्या कुत्र्यांस खाऊ घालू नये. ज्यास ती इच्छा असेल त्याने कुत्रा रीतसर दत्तक घ्यावा, महानगरपालिकेत त्याची नोंद करावी, आपल्या घरी न्यावा किंवा आश्रयस्थानात ठेवावा, आणि मग पोटभर खाऊ घालावे. जो हे मोडील त्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड. थोडक्यात न्यायालय म्हणाले, जो घास घालितो तो धनी, आणि ज्यास धनी व्हावयाचे नाही त्याने घासही घालू नये.

हा हुकूम वर्तमानपत्रांतून वाचिला तेव्हा आम्हांस तो अत्यंत पसंत पडला होता. तांबी तेव्हा आमच्या दारी आलेली नव्हती.

पुढच्याच महिन्यात, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या हुकुमाच्या अंमलास स्थगिती दिली. जो कुत्र्यास खाऊ घालितो त्याने ते दत्तकच घेतले पाहिजे, असा हट्ट धरिता येणार नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. मात्र त्याबरोबर नागपूर महानगरपालिकेस असेही सांगितले की, तिने योग्य जागा ठरवून व आखून द्याव्यात, आणि लोकांनी तेथे खाऊ घालावे.

दोन न्यायालयांपैकी कोणाचे बरोबर, हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण नीतीच्या दृष्टीने विचार करू गेले असता, आम्हांस दोन्हींकडे काही घेण्यासारखे दिसते. नागपूर खंडपीठाच्या म्हणण्यात सत्याचा मोठा अंश होता. दया ही आपल्या खर्चाने करावयाची वस्तू आहे. शोमरोनी मनुष्याने वाटेवर पडलेल्या जखमी माणसास उतारशाळेत नेले, तेव्हा स्वतःच्या कमरेचे दोन दीनार काढून दिले, आणि अधिक लागल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. त्याने ते बिल शेजारच्या गावावर टाकिले नाही. आमच्या शहरात जे सज्जन मोटारीतून उतरून दुसऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी बिस्किटांचा पुडा रिकामा करितात व मोटारीत बसून निघून जातात, त्यांच्या मनात कळवळा नसतो असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या गल्लीतून पहाटे पाच वाजता झाडूवाली बाई जाते, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा जातो, रात्रपाळी संपवून गिरणीतला किंवा दवाखान्यातला चाकर परत येतो. बिस्किटे एकाची, भीती दुसऱ्याची. असली वाटणी न्यायाची नव्हे.

परंतु खाऊ घालणे बंद केले म्हणजे कुत्री नाहीशी होतील, हा समज चुकीचा आहे, आणि त्या हुकुमाची व्यवहारातील अडचण येथेच होती. शहरातील कुत्र्यांचा सर्वांत मोठा अन्नदाता दयाळू माणूस नव्हेच. तो उकिरडा आहे. मटणाच्या व कोंबडीच्या दुकानांमागे टाकिलेली आतडी, लग्नाच्या मंडपामागील पत्रावळी, खाणावळीचे खरकटे, आणि भांडेवाडीस जाऊन पडणारा शहराचा कचरा, यांवर ती जगतात. घास घालणारा मनुष्य दूर केला तर कुत्री उपाशी मरत नाहीत. ती पुढच्या उकिरड्यावर जातात, आणि ज्यास त्यांच्या अंगास हात लावता येत होता असा एकमेव मनुष्य मात्र नाहीसा होतो. रस्त्यावरचे कुत्रे अनोळखी माणसास पकडू देत नाही. लस टोचणाऱ्याच्या पुढे जे त्यास हाक मारून आणू शकते, मानेस धरून बसवू शकते, ते माणूस म्हणजे रोज भाकर घालणारी कोणी विधवाच असते. आमच्या मंडळीत अशी एक वृद्ध बहीण आहे. तिची स्वतःची चूल दोन वेळा पेटत नाही, पण दारच्या दोन कुत्र्यांस ती आपल्या ताटातले देते. तिजवर दंड बसवून किंवा तिला मालकीचा कागद करावयास लावून काय साधले असते? तिच्याकडून मागता येईल ते इतकेच, की लस टोचणारे आले म्हणजे तिने कुत्री धरून द्यावी. हे ती आनंदाने करील. बाकीचा खर्च शहराने सोसावा.

यावर कोणी म्हणेल, पाळकबुवा, एवढा खल कशासाठी? कुत्री मारून टाकावी, म्हणजे प्रश्न मिटला. हे बोलणे नवे नाही. मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढिली, तेव्हा इ. स. १८३२ च्या जून महिन्यात पारशी लोकांनी पुढाकार घेऊन मोठा दंगा केला, दुकाने बंद पडली, फौज बोलवावी लागली. त्या दंग्यानंतरही पुढची दीडशे वर्षे निरनिराळ्या शहरांत कुत्री मारण्याचे काम चालूच राहिले, आणि इतके करून ना कुत्री संपली, ना रोग संपला. याचे कारण साधे आहे. एका आळीतील कुत्री मारिली की उकिरडा तसाच राहतो, आणि त्या रिकाम्या जागेत शेजारच्या आळीतील नवी कुत्री येतात, त्यांची पिले लवकर वाढतात. मारलेल्या कुत्र्यांत जर लस टोचलेली असतील, तर आपण आपल्याच हातांनी कुंपण मोडिले असे होते.

याउलट गोव्याचे उदाहरण पाहावे. तेथील सरकारने एका धर्मादाय संस्थेच्या साह्याने इ. स. २०१३ नंतरच्या वर्षांत घरोघर, गल्लोगल्ली फिरून, जाळ्यांनी पकडून, दरवर्षी हजारो कुत्र्यांस लस टोचविली, शाळांतून मुलांस शिकविले, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची खबर येताच माणसे पाठविली. इ. स. २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, आणि त्यापूर्वी तीन वर्षे तेथे माणसाचा एकही मृत्यू या रोगाने नोंदला गेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, एखाद्या प्रदेशातील शंभरांतील सत्तर कुत्र्यांस लस मिळाली म्हणजे रोगाची साखळी तुटते. सर्वांस मिळालीच पाहिजे असे नाही. पण ती सत्तर गाठावयाची तर कोणी तरी कुत्र्यास धरून दिले पाहिजे, म्हणून आम्ही वर त्या विधवा बहिणीची गोष्ट सांगितली.

आता या रोगाविषयी दोन शब्द, कारण आमचे अनेक उपदेशक बंधू अशा खेड्यांत राहतात की जेथे कुत्रा चावल्यावर लोक प्रथम त्यांच्याच दारी येतात.

कुत्रा पिसाळतो तो ऊन लागून नव्हे, की भाद्रपदाच्या दोषाने नव्हे. त्याच्या लाळेत एक अतिसूक्ष्म विषाणू असतो, तो जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चढत जातो. ही चढण बहुधा दोन-तीन महिने चालते, कधी आठवड्यात संपते, कधी वर्ष लागते. चढण चालू आहे तोवर लस त्यास अडवू शकते. एकदा पाण्याची भीती, घशाचे आचके व भ्रम ही लक्षणे दिसली, की मग पृथ्वीच्या पाठीवर उपाय नाही असेच समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात. माणसांस होणाऱ्या या रोगाच्या शंभरांपैकी नव्व्याण्णव प्रसंगी कारण कुत्रा असते, आणि दंश झालेल्यांत पंधरा वर्षांखालील मुले फार. मुलाच्या तोंडाशी कुत्र्याचे तोंड येते, म्हणून मुलाची जखम मेंदूच्या अधिक जवळ असते, हेही ध्यानात ठेवावे.

पास्तर नामक फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्या प्रथम ही लस टोचिली, आणि मुलगा वाचला. हिंदुस्थानात इ. स. १९०० मध्ये कसौली येथे पास्तर संस्था निघाली, आणि दूरदूरच्या प्रांतांतून दंश झालेले लोक आगगाडीने तिकडे जाऊ लागले. पुढे इ. स. १९११ मध्ये त्याच ठिकाणी सेम्पल साहेबांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात चौदा सुया टोचण्याची जी भीती आमच्या आजी-आजोबांनी आम्हांस घातली, ती हीच लस. तिचा वापर आपल्या देशात इ. स. २००५ च्या सुमारास बंद झाला. तरी त्या चौदा सुयांची आठवण खेड्यांत अजून जिवंत आहे, आणि तिला भिऊन लोक दवाखाना टाळितात. त्यांस सांगावे की, आता लस दंडात टोचितात, चार किंवा पाच खेपांत काम होते, आणि सरकारी दवाखान्यात तिला पैसा पडत नाही.

कुत्रा, मांजर किंवा माकड चावले, अथवा त्याच्या नखाने ओरबाडून रक्त आले, तर पहिली गोष्ट अशी की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पुरती पंधरा मिनिटे धुवावी. घरात घड्याळ नसेल तर एक मोठे गीत सावकाश तीनदा म्हणावे, तितका वेळ जाईल. जखमेत तिखट, चुना, हळद किंवा तंबाखू भरू नये. ती लगेच शिवून घेऊ नये. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीखेरीज आणखी एक औषध थेट जखमेत द्यावे लागते, त्याची आठवण डॉक्टरास करून द्यावयास लाजू नये. चावणारे कुत्रे ठाऊक असेल तर त्यास मारू नये, दहा दिवस लक्ष ठेवावे. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल तर दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे ठरते. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबविणे हा जिवाशी खेळ आहे. एखादा मांत्रिक उतारा देत असेल, तर त्याच्याशी वाद घालीत बसण्यापेक्षा मुलास उचलून वाहनात घालावे. वाद मागाहूनही होतो. आणि प्रिय उपदेशक बंधूंनो, कोणी आपणांस केवळ प्रार्थना करण्यास बोलाविले, तर प्रार्थना अवश्य करावी, पण ती दवाखान्याच्या वाटेवर करावी.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक निघते, हे वऱ्हाडात व झाडीपट्टीत सर्वांस ठाऊक आहे. काळी मारबत इ. स. १८८१ पासून व पिवळी इ. स. १८८५ पासून निघत आली, असे सांगतात. रोगराई व पीडा या पुतळ्यांबरोबर शहराबाहेर जावी, अशी आरोळी लोक देतात, आणि शेवटी पुतळे जाळितात. हा नागपूरकरांचा जुना प्रकार, त्याची थट्टा करावी असे आम्हांस वाटत नाही. ज्या काळी लस नव्हती, पटकीने घरेच्या घरे रिकामी होत, त्या काळी माणसाने आणखी काय करावे? पण त्या आरोळीत मनुष्याच्या मनाची एक खोड दिसते, आणि ती आम्हां सर्वांत आहे. पीडा वेशीबाहेर घालविली की आपण सुटलो, असे आपणांस वाटते. कुत्री दुसऱ्या आळीत सोडून येणारे लोक हेच करितात. रात्री पोत्यात भरलेली पिले शेजारच्या खेड्याच्या शिवेवर सोडणारे हेच करितात, आणि त्या खेड्यांत आमच्या मंडळ्या आहेत. विष घालणारे तर त्याहून पुढे जातात. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि विषाचा लाडू कधी कधी मुलाच्या हातीही लागतो.

रोगास वेस नसते, याचा पुरावा नागपुरास नुकताच मिळाला. इ. स. २०२४ च्या डिसेंबरअखेर गोरेवाडा येथील प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मरण पावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने तपासून सांगितले की तो पक्ष्यांचा ज्वर होता, ज्यास बर्ड फ्लू म्हणतात. खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर संशय आला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात नागपुरातील सरकारी कोंबडी-उबवणी केंद्रात हा रोग निघाला होता आणि हजारो पक्षी मारावे लागले होते. कोंबडीचा रोग वाघास लागतो, कुत्र्याचा मुलास लागतो. परंतु माणसांचे डॉक्टर एका कचेरीत बसतात, जनावरांचे दुसऱ्या, आणि कचरा उचलणारे तिसऱ्या. ही खोट सरकारच्याही ध्यानी आली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातच राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसविण्यात आली. मनुष्य, पशू व भोवतालची सृष्टी यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास व्हावा, हा तिचा हेतू. आणि आमच्या शहरात पशुवैद्य महाविद्यालय इ. स. १९५८ पासून आहे. ते ज्या टेकडीवर आहे तिचे नाव सेमिनरी हिल्स! पाळक घडविणाऱ्या विद्यालयाच्या नावाची टेकडी, आणि तीवर पशूंचे वैद्य शिकतात. आम्ही सेमिनरीत असताना गुराढोरांविषयी एक तासही शिकलो नाही, याचे आता वाईट वाटते.

कायदा मधल्या काळात कोठवर आला, तेही सांगितले पाहिजे, नाही तर वाचकांचा गैरसमज होईल. इ. स. २००१ च्या व नंतर इ. स. २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे भटके कुत्रे पकडावे, त्याचे निर्बीजीकरण करावे, लस टोचावी, आणि जेथून उचलिले तेथेच परत सोडावे. इ. स. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेस कडक हुकूम दिला की सर्व कुत्री आश्रयस्थानांत कोंडावी. २२ तारखेस तीन न्यायमूर्तींनी तो सौम्य केला, पिसाळलेली व अंगावर धावणारी सोडून बाकीची लस देऊन परत सोडावी असे म्हटले, आणि खाऊ घालण्यास प्रत्येक वॉर्डात ठराविक जागा असाव्यात, रस्त्यावर कोठेही खाऊ घालू नये, असे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी आणखी हुकूम झाला की शाळा, दवाखाने, क्रीडांगणे, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री काढावी व परत तेथे सोडू नयेत. या सर्वांत एक धागा आम्हांस दिसतो. न्यायालये पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारीत आहेत, ती ही की या प्राण्याचे कोणी तरी व्हा. नागपूरचे खंडपीठ म्हणाले, घास घालणाऱ्याने व्हावे. नियम म्हणतात, नगरपालिकेने व्हावे. आम्हांस वाटते की धनीपण वाटूनही घेता येते. ज्याच्या हातून ते खाते त्याने धरून द्यावे, ज्याच्या दुकानामागे ते वाढते त्याने आपली घाण झाकावी, आणि ज्या शहराच्या तिजोरीत सर्वांचा कर पडतो त्या शहराने सुई, पशुवैद्य व गाडी पुरवावी. जे कोणी यांपैकी आपला वाटा उचलीत नाही, त्याने कुत्र्यावर दया केली म्हणू नये, की कुत्र्यांचा त्रास होतो म्हणून ओरडही करू नये.

हे काम प्रत्यक्ष करणारे लोक कोण, हे आपण पाहतो काय? जाळे घेऊन कुत्री धरणारे, पिंजऱ्याच्या गाडीवरचे, मेलेले जनावर उचलणारे, बहुतेक गरीब घरचे असतात. आणि प्राणिमित्र त्यांस शिव्या देतात, प्राणिद्वेष्टेही शिव्या देतात. त्यांचे हात रोज त्या दातांजवळ असतात. अशा माणसांस दंशापूर्वीच लस टोचून ठेवावयाची असते. ती मिळाली काय, हे त्यांस विचारणारा मनुष्य विरळा. आमच्या मंडळ्यांतील काही तरुण अशी कामे करितात. त्यांच्या पाळकांनी एवढे तरी विचारावे.

तांबीचे पुढे काय झाले ते सांगून लेख आटोपतो. मुलीच्या लसीची तिसरी खेप झाली त्या आठवड्यात आम्ही पोळीच्या आशेने तिला जवळ बोलाविले, गळ्यात दोर घातला, आणि पोटच्या पोराने मदत केली म्हणून कशीबशी रिक्षात चढविली. पशुवैद्याच्या दवाखान्यात तिला लस टोचिली, आणि पुढच्या महिन्यात तिचे निर्बीजीकरण झाले. कागद भरणाऱ्या मुलाने विचारिले, "मालकाचं नाव?" आम्ही आपले नाव सांगितले. लाल पट्टा विकत घेतला. तो तिला आवडला नाही, दोनदा तोडला, तिसरा टिकला. ती बाई अलीकडे कामावर जाताना आमच्या दारावरून जाते, आणि मुलगी तिच्याबरोबर असली तर ती अजून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालते. दर वर्षी आश्विनात तांबीस लस टोचावयाची असते. गल्लीत आणखी दोन काळी कुत्री आली आहेत, ती कोणाच्याही हाती लागत नाहीत. त्यांस दुरूनच घास घालणे आमच्या घरात सुरू झाले आहे.